स्पीकरवर ऐकलेलं दुखणं

माझ्या नवऱ्याचं दुखणं मला पहिल्यांदा नीट कळलं ते मोबाइलच्या स्पीकरवरून. मी स्वयंपाकघरात लाखोरीची भाजी निवडत होते आणि हे बाहेर ओसरीत खुर्चीवर बसून फोनवर बोलत होते. लग्नाला तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. इतकी वर्षं एका खोलीत झोपून हे रोज पहाटे कशासाठी उठतात ते मला माहीत नव्हतं. ते समजलं एका परक्या मुलीला यांनी दिलेल्या उत्तरातून.

आमचं गाव बिरसी विमानतळाच्या अलीकडे. चारी बाजूंनी धानाच्या बांद्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, आणि वरून शिकाऊ वैमानिकांची लहान विमानं दिवसभर घिरट्या घालत असतात. घरात पोवारी आणि झाडी बोली मिसळलेली, गोंदियाच्या बाजारात गेलं की हिंदी. मी जवळच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते, म्हणून लिहिताना ही शाळेतली भाषा येते. यांचं शिक्षण बारावीपर्यंत, पुढे शेती. पण गावात यांची ओळख शेतीपेक्षा आवाजाची होती. दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, दंडारीचं नाचगाण्याचं नाटक उभं राहतं, तेव्हा हे पुढे उभे राहून गायचे. मी नवीन लग्न होऊन आले त्या वर्षी बायकांच्या घोळक्यात बसून मी यांना ऐकलं होतं, आणि शेजारची बाई माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाली होती, "आवाज पाहून देला का बापानं तुले?"

दुखणं त्याच्याही आधीचं. कंबर धरायची. कोणी लचक भरली म्हटलं, कोणी नस दबली. एक जण नस उतरवून देतो असं ऐकून आमगावकडे गेलो, तर त्यानं यांना पालथं झोपवून पाठीवर टाच दिली. घरी आल्यावर हे कितीतरी दिवस वाकून चालत होते. मग मेडिकलच्या दुकानातली गोळी सुरू झाली. गोळी घेतली की दिवस निघून जाई. वर्षं गेली तशी पाठ पुढे झुकत गेली आणि मान समोर येऊन तशीच धरली. बाजूनं कोणी हाक मारली तर नुसती मान वळत नसे, अख्खं अंग वळवावं लागे. लग्नकार्यात लोक म्हणत, "गुरुजीनबाईचा नवरा लय अकडते बाप्पा, पाहात बी नाई." हे ऐकून घेत. मला राग येई. पण हे कधी कोणाला सांगायला गेले नाहीत.

नाव कळलं ते नागपूरच्या डॉक्टरांकडे. कण्याचा संधिवात. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरून दाखवली. मणके एकमेकांना जुळत चालले होते. "पुढे पुढे कणा बांबूसारखा दिसायला लागतो," ते म्हणाले. "बरा होत नाही, पण औषध आणि व्यायामानं थांबवता येतो. आणि पडायचं नाही. असा कणा लवत नाही, थेट तुटतो."

परत येताना बसमध्ये हे म्हणाले, "बांबू तं लवते. मंग याले बांबू कायले म्हनते?"

नागपूर दूर, म्हणून पुढची तपासणी गोंदियातल्या एका खासगी हाडांच्या दवाखान्यात करायची ठरली. तीन महिन्यांतून एकदा जायचं. बाहेर बाकावर अर्धा दिवस, आत काही मिनिटं. डॉक्टर वाईट नव्हते, पण गर्दीच एवढी. ते विचारायचे, "कसं आहे?" हे म्हणायचे, "ठीक आहे." चिठ्ठी हातात, आणि आम्ही बाहेर. मी शेजारीच बसलेली असे, आणि मलाही ते खरंच वाटे.

त्याच दवाखान्यानं मग जुन्या दुखण्याच्या रोग्यांना दर आठवड्याला फोन करायचं सुरू केलं. फोन करणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी भंडाऱ्याकडची होती, पंचविशीतली. यांना ती भाऊ म्हणायची, मला ताई. मान वाकडी करून फोन कानाला लावणं यांना जमत नसे, म्हणून फोन स्टुलावर ठेवून स्पीकर लावायचा. त्यामुळे सगळं बोलणं घरभर ऐकू येई.

सुरुवातीचे फोन दोन-तीन वाक्यांत संपत.

"भाऊ, या आठवड्यात कसं आहे?"

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे कसं?"

"ठीक म्हंजे ठीक."

मला वाटलं, ही पोरगी कंटाळेल. ती कंटाळली नाही. लाखोरीच्या भाजीचा तो दिवस आला, तेव्हा तिनं प्रश्नच बदलला.

"भाऊ, दुखण्याचं राहू द्या. सकाळी खाटेवरून उतरता ना, ते कसं उतरता तेवढं सांगा मला. आधी काय हलवता?"

मग हे बोलायला लागले.

"आधी डोरे उघडतो. अन् तसाच पडून राहतो. आंग म्हंजे वल्लं पोतं होऊन राहते. कुशीवर होता येत नाई. खाटेची पाटी धरतो, सरकत सरकत पाय खाली सोडतो. उभा झालो का भिंत धरतो. मंग आंगनात फिरतो. फिरलो का जरा मोकरा होतो."

"किती वाजता उठता?"

"पाहाटेच. कोंबडा आरवाच्या आधी. दुखन्यानं झोपच उडते."

"घरी माहीत आहे?"

"नाई. तिले वाटते, मी बांदीतला पानी पाहाले जातो."

भाजी हातात तशीच राहिली. मला खरंच तसं वाटायचं. शाळेत मी मैत्रिणींना कौतुकानं सांगायची की आमच्याकडे पहाटेच शेताची फेरी होते, झोपेत असले तरी जीव धानात असतो. आणि हा माणूस अंगणातल्या अंगणात भिंत धरून फिरत होता.

मुलीनं हळहळ वगैरे केली नाही. नुसतं "बरं" म्हणाली. मग पडल्यापडल्या करायचे दोन व्यायाम सांगितले, आणि म्हणाली, "हे मी सरांना सांगते. गोळीची वेळ बदलावी लागेल, कदाचित गोळी पण." दोन दिवसांनी दवाखान्यात बोलावून रक्त तपासलं, औषध बदललं. काही आठवड्यांनी एका सकाळी मी चहा ठेवला तरी हे झोपलेलेच होते. ऊन अंगणात आलं होतं. मी दारात उभी राहून बघत राहिले. इतक्या वर्षांत मी यांना उजेडात झोपलेलं पाहिलं नव्हतं.

त्यानंतर फोनचा दिवस आमच्या घराचा वार झाला. हे लवकर आंघोळ करत, फोन चार्ज करून ठेवत. कोणी शेतावर बोलवायला आलं तर "थांब जरा, फोन येनार आहे" म्हणत. मुलगी भिंतीला टाचा लावून उभं राहायला सांगे आणि डोकं भिंतीपासून किती बोटं दूर राहतं ते विचारे. मी यांच्या डोक्यामागे हात घालून बोटं मोजत असे. बोटं कमी होत नव्हती, पण वाढतही नव्हती, आणि ती म्हणायची, "भाऊ, हेच पाहिजे मला." शेवटी तिचे ठरलेले प्रश्न असत. डोळा लाल झाला का? हातापायाला मुंग्या? पडलात का कुठे?

फोन ठेवला की हे हसत. "रोज तेच तेच काऊन इचारते हे पोरगी? पडलो तं मी सांगीन नाई का?"

एकदा बोलता बोलता वरून विमान गेलं. तिनं विचारलं, "हा कसला आवाज?" हे म्हणाले, "इमान आहे. शिकून राहिले पोट्टे." आणि मग, जरा थांबून, "आता आवाजावरूनच समजते. मान वर होत नाई ना. आभार पाहून लय दिवस झाले." झाडीत आभाळाला आभार म्हणतात. मला हेही माहीत नव्हतं. म्हणजे मान वर होत नाही हे दिसत होतं, पण या माणसाला आभाळ दिसत नाही असा विचार मी कधी केला नव्हता.

ती म्हणाली, "खाटेवर उताणे झोपून पाहता येईल की भाऊ. पायांकडे उशी घ्या, डोक्याखाली तुमची नेहमीची, आणि खाट अंगणात टाका."

त्या संध्याकाळी खाट अंगणात आली. आजूबाजूचे लोक विचारत होते, तब्येत खराब आहे का म्हणून.

या दुखण्यात छातीच्या फासळ्याही आखडतात, श्वास तोकडा होतो, म्हणून दवाखान्यानं यांना फुगे फुगवायला सांगितले होते. तिला कुठून तरी दंडारीचं कळलं, बहुधा यांनीच सांगितलं असेल. ती म्हणाली, "मग फुगे कशाला फुगवता? एका श्वासात गाण्याची एक ओळ म्हणून दाखवा." हे लाजले. आढेवेढे घेतले. मग स्टुलावरच्या फोनसमोर बसून गायले. ओळ अर्ध्यात तुटली. श्वास घेऊन पुन्हा म्हटली, पुन्हा तुटली. तिकडून ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात अजून दोन शब्द." मी ओसरीच्या दाराआड उभी होते. आवाज बारीक झाला होता, पण तोच होता.

असं दीड-दोन वर्षं चाललं. दुखणं गेलं नव्हतं. पण घरात त्याच्याविषयी बोललं जात होतं, निदान आठवड्यातून एकदा, आणि मी ते ऐकत होते. यांना मी वेगळं काही विचारत नसे. विचारायची गरजच पडत नसे. फोन आला की मला सगळं कळायचं.

मग एका फोनला ती शेवटी म्हणाली, "भाऊ, पुढच्या आठवड्यापासून मी नाही. माझं इथलं काम संपलं. लग्न ठरलंय, रायपूरला जाईन. आता दवाखान्याचे फोन कॉम्प्युटरवरून येतील, पण येतील."

हे म्हणाले, "बरं झालं बाई. सुखानं राय." आणि फोन ठेवून बराच वेळ स्टुलाकडे बघत बसले.

तिनं मला वेगळा फोन करून स्वतःचा नंबर दिला. "लागलं तर करा ताई, संकोच करू नका." मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "तिच्या सौंसारात आपन कायले फोन करावं?"

कॉम्प्युटरचा फोन आला. बाईचाच आवाज, अगदी धुतलेली मराठी. "नमस्कार. आपली प्रकृती कशी आहे?" हे नेहमीसारखे खुर्चीवर सावरून बसले होते. म्हणाले, "हो बाई, ठीक आहो. मंगा जरा डाव्या अंगाले..." तेवढ्यात आवाज यांच्या बोलण्यावरूनच पुढे गेला, "बरी असल्यास एक दाबा. त्रास वाढला असल्यास दोन दाबा." हे थांबले. माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे बघायलाही यांना अख्खं अंग वळवावं लागे, तसं वळवून पाहिलं. मग हात लांब करून एकचा आकडा दाबला.

पुढे एकदा थंडीत खरंच त्रास वाढला तेव्हा यांनी दोन दाबला होता. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या काउंटरवरून फोन आला, "अंकलजी, आपको तकलीफ है क्या? डॉक्टरसाब का अगले महिने का टाइम मिलेगा." पुढच्या महिन्यापर्यंत त्रास आपोआप कमी झाला. त्यानंतर यांनी कधी दोन दाबला नाही. फोन आला की शब्दही न ऐकता एक दाबत आणि फोन खिशात टाकत.

व्यायाम हळूहळू सुटले. भिंतीला उभं राहणं सुटलं. मी म्हटलं, मी मोजते बोटं, तर म्हणाले, "मोजून कोनाले सांगतेस?"

धान निसवायच्या दिवसांत हे धुऱ्यावरून घसरले. बांद्यांमधले धुरे, म्हणजे बांध, त्या दिवसांत शेवाळलेले असतात. मी शाळेतून आले तेव्हा अंगणात चिखलाचे डाग राहिलेली लुंगी वाळत होती. "काय झालं?" "काई नाई. घसरलो जरा." मान दुखते म्हणाले. मान तर रोजच दुखायची. गावाजवळच्या डॉक्टरकडे नेलं, त्यांनी एक्स-रेचा फोटो काढला, बघून म्हणाले, "जुनाच आजार आहे, सूज आली आहे." इंजेक्शन दिलं, शेकायला सांगितलं. मी शेकत राहिले.

पण यांचं बसणं बदललं होतं. हनुवटी हातावर टेकवून बसत. डोकं जड लागतं म्हणत. मी विचारलं, "नेहमीसारखंच दुखते ना?" हे म्हणाले, "हो." त्या "हो"चा अर्थ काढणारी मुलगी रायपूरला होती.

त्याच आठवड्यात कॉम्प्युटरचा फोन आला. मी समोर होते. यांनी एक दाबला.

मी म्हटलं, "काऊन एक दाबला? दुखून राहिलं ना?"

"दोन दाबून का होते?"

मी चहा करायला आत गेले.

काही दिवसांनी शाळेत निघताना पाहिलं, हे शर्टाची बटणं लावत होते आणि ती लागत नव्हती. बोटं बटणावरून सरकून जात. मी पुढे झाले तर हात झटकला. चहाची कपबशी दिली, ती हातातून सुटली. फुटलेल्या कपाकडे हे बघत राहिले. "बोटं बधिर होऊन राहिली," हळूच म्हणाले, "परवापासून." मी विचारलं, सांगितलं काऊन नाही? तर म्हणाले, "तू शाळेच्या घाईत होतीस."

शाळेत मधल्या सुट्टीत वऱ्हांड्यात उभी राहून मी रायपूरला फोन लावला. इतक्या महिन्यांनी तिला माझा आवाज ओळखू येईल की नाही अशी धाकधूक होती. मी बोटांचं सांगितलं. तिनं माझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"ताई, भाऊ पडले होते का?"

"हो. घसरले धुऱ्यावरून. दोन-तीन आठवडे झाले."

मुलांच्या गलक्यात मी फोन कानाशी घट्ट दाबला. मग ती अगदी सावकाश बोलली, लहान मुलाला सांगतात तसं.

"ताई, नीट ऐका. मानेचं हाड तुटलेलं असू शकतं. साध्या फोटोत खांद्यामागे लपतं ते. आता त्यांना उठवू नका, चालवू नका, शेकू नका. अँब्युलन्स बोलवा आणि थेट नागपूर. आणि एक गोष्ट कोणी काही म्हटलं तरी सोडू नका. त्यांची मान वर्षानुवर्षं पुढे झुकलेली आहे. सपाट झोपवलं तर तुटलेली जागा उघडेल. जेवढी उशी नेहमी लागते तेवढीच डोक्याखाली राहिली पाहिजे. मान सरळ करायला कोणालाही हात लावू देऊ नका."

मी मुख्याध्यापकांना सांगायलाही थांबले नाही. थोरले दीर, आमच्याकडे ज्यांना भासरे म्हणतात, त्यांना फोन केला, ते आधी घरी पोचले. अँब्युलन्स आली. सोबतचा माणूस भला होता, पण त्याला शिकवलेलं वेगळं. त्यानं स्ट्रेचरवर घेताच पहिल्यांदा उशी काढली.

"उशी राहू द्या," मी म्हटलं.

"मॅडम, मानेची केस आहे ना? सपाटच झोपवावं लागते. हमको मत सिखाओ."

हे ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी यांना दुखण्यानं ओरडताना ऐकलं. मी त्या माणसाचा हात धरला. भासऱ्यांसमोर मी कधी डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, त्या दिवशी मी त्यांच्यासमोर परक्या पुरुषाचा हात धरून ओढला आणि ओरडले, "उशी द्या आधी!" मग फोन लावून त्याच्या कानाला दिला. मुलीनं त्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, कारण या वेळी स्पीकर नव्हता. पण त्यानं उशी परत ठेवली, दोन्ही बाजूंना गुंडाळलेल्या चादरी लावल्या आणि म्हणाला, "ये बिमारी का मालूम नहीं था, मॅडम."

गोंदिया, गोरेगाव मागे गेलं. कोहमाऱ्याला हायवे लागला, तिथून ट्रकांच्या रांगा. प्रत्येक खड्ड्याला मी दोन्ही हातांनी उशी धरून ठेवत होते. हे डोळे मिटून होते. साकोलीच्या आसपास म्हणाले, "पाय आहेत ना माहे?" मी पायाला हात लावून विचारलं, "समजते का?" म्हणाले, "समजते. पर दूर वाटते."

नागपूरला मोठ्या मशीनमध्ये तपासलं. हाड तुटलेलंच होतं, पडले त्या दिवशीच. इतके दिवस तुटलेल्या मानेनं हे जेवले, फिरले, झोपले, आणि आत सूज मज्जारज्जूला दाबत राहिली. सर्जन म्हणाले, "लवकर आणलं असतं तर..." आणि माझ्या तोंडाकडे पाहून बोलणं सोडून दिलं.

ऑपरेशन चालू असताना यांचा मोबाइल माझ्या पर्समध्ये वाजला. मी घाईनं काढला, वाटलं भासरे असतील. "नमस्कार. आपली प्रकृती कशी आहे? बरी असल्यास एक दाबा." मी काहीच दाबलं नाही. आवाजानं पुन्हा विचारलं, मग मराठी संपवून हिंदीत विचारलं, मग आपणहून बंद झाला. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "घरून होता का फोन?" मी हो म्हटलं.

पाय वाचले. वॉकर धरून हे अंगणापर्यंत चालतात. बोटं परत आली नाहीत. उजव्या हातात काहीच धरता येत नाही, डाव्यात चमचा धरतात, तोही जाडजूड दांड्याचा. बटणं मी लावते, भात मी कालवते. शेती भासरे करतात. गाणं विचाराल तर ऑपरेशननंतर आवाज घोगरा झाला आणि हे त्याबद्दल बोलत नाहीत. मंडईला दंडारवाले भेटायला येतात, ओसरीत बसतात, चहा घेतात, आणि यांच्यासमोर गाण्याचा विषय निघू नये म्हणून पावसापाण्याचं बोलत राहतात.

रायपूरची मुलगी काही महिने स्वतःहून दर आठवड्याला फोन करत होती. मग तिला बाळ झालं. फोन महिन्यानं यायला लागले, मग सणावाराला. तिच्याकडून अजून काय मागायचं?

मी तिची जागा घ्यायचा प्रयत्न केला. तेच प्रश्न, त्याच क्रमानं, रविवारी सकाळी खुर्चीसमोर बसून. हे उत्तर देत, "ठीक आहे." दोन-तीन रविवार झाल्यावर मी चिडले. "तिला तर सगळं सांगत होते तुम्ही. मले काऊन नाही सांगत? मी का परकी आहो?"

हे म्हणाले, "तुले सांगलो का तुहा चेहरा उतरते. मंग मलेच तुले समजवा लागते. ते पोरगी आयकून घे, अन् मंग धान कसा आहे म्हनून इचारे."

मी उठून आत गेले. चेहरा उतरलाच होता.

गेल्या महिन्यात गोंदियाला तपासणीला गेलो. दवाखान्यात आता नवीन तरुण डॉक्टर आहेत. बाहेर तीच गर्दी, तेच बाक. त्यांनी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "कसं आहे, काका?"

"ठीक आहे," हे म्हणाले.

"ठीक नाही," मी म्हटलं. आणि बोलत सुटले. सकाळी किती वेळ आखडतात, पाणी पिताना कधी ठसका लागतो, वॉकर कोणत्या बाजूला ओढला जातो, रात्री कसे कण्हतात. डॉक्टरांनी स्क्रीनवरून नजर काढली. हे खाली फरशीकडे बघत होते, कानशिलं लाल झाली होती. डॉक्टरांनी नवीन तपासण्या लिहून दिल्या, व्यायामासाठी पुन्हा कोणाला तरी दाखवायला सांगितलं. फोन करणारं माणूस परत ठेवणार का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, फोन तर जातातच आपले. दर आठवड्याला."

परतताना ऑटोत हे एक शब्दही बोलले नाहीत. बिरसीचा फाटा आला, गाव आलं, भासऱ्यांनी हात देऊन खाली उतरवलं, तरी नाही. चारचौघांत उघडं पाडल्यासारखं वाटलं असेल. मी स्वयंपाकाला लागले.

जेवण झाल्यावर मी यांचं तोंड पुसत होते, तेव्हा हे म्हणाले, "तू सारं सांगलीस डॉक्टरले. एक राहिला."

"काय?"

"डावा पाय. दिवारीपासून मुंग्या येऊन राहिल्या. आधी आंगठ्याले होत्या, आता गुडघ्यावरी आल्या."

मी चेहरा तसाच ठेवायचा प्रयत्न केला. टॉवेलची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"पायात चप्पल आहे ते समजते का?" मी विचारलं.

"नाई समजत."

"अजून काय?"

"दुसरं मंग सांगतो," हे म्हणाले. "आधी तुह्या भासऱ्याले इचार, वरच्या बांदीतला धान कापला का."

मी जाऊन विचारून आले. कापला होता. येऊन तसं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत रजेचा अर्ज देऊन आम्ही पुन्हा नागपूरला निघालो.